पवन्याची पट्टी

न्हाई साहेब, तिथं पाय नका ठेवू — पवन्या गवताची ती पट्टी मी राखलीय. कुणासाठी? कुणासाठी का असंना! तुमी पुण्याच्या कॉलेजातनं पाखरं धरायला आलात, पाखरं धरा. दसरा झाला की ह्या कुरणावर कारखान्याची यंत्रं फिरणार, मग काय धराल, विटा? मी जातोय चऱ्होलीला, लेकीकडं. आमच्यात लेकीच्या दारी राहात न्हाईत — पण जागाच गेली, मग माणसानं जावं कुठं?

हां, हेच ते. वाळल्या काडीच्या रंगाचं, काडीला पंख गुंडाळून बसलेलं. पतंग म्हणा न्हाईतर पाखरू म्हणा, ह्याची जात सांगा मला. कशाला म्हंजे? उगाच. — पंखावरनं कळत न्हाई? दोन जाती सारख्याच दिसतात, अळी कुठलं गवत खाती ते बघावं लागतं? मग बघा की! मला तेवढंच पायजे. जिथं ते गवत तिथं पाखरू, असंच ना? लेकीच्या परसात जागा हाय. ठोंब लावीन.

हसू नका. सारजा गेली — आमची मंडळी — तवा रीतीनं तिच्या जागेवर पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर पाटी झाकली. सकाळी पिठावर ठसा बघायचा, पुढचा जन्म कुठला ते कळतं. तिची थोरली बहीण आक्काबाई म्हणाली, पाखराचं पाऊल हाय. मी म्हणालो, तुमच्या डोळ्यांत फूल पडलंय. पीठ नदीत सोडलं आन् तडक इथं आलो — तर हे पवन्यावर बसलेलं. सारजा जिथं गवत कापायची तिथंच. पाखराला काय कळतंय! पण पवन्याला मग मी विळा लावला न्हाई. कुणाला लावू दिला न्हाई. दरसाल ते तिथंच येऊन बसतं. जावई म्हणाला, मामा, गवताला काय पूजताय? त्याच्याशी बोलणं टाकलं. आता त्याच्याच घरी जायचंय.

काय घावलं? दाखवा. बुडाशी जाळ्याची नळी, आत अळी — व्हय, दिसली. ह्यो तर मारवेल. पवन्यात बघा. एकबी न्हाई? नीट बघा. परत बघा.

मारवेलातच सगळ्या?

मारवेल तर मी दरसाल कापला साहेब. बुडापासनं. पयला भारा मारवेलाचाच, आमची म्हैस दुसऱ्या गवताला तोंड लावत न्हाई. मग पवन्यावर ती नुसती टेकायला — ते. ते पाखरू.

काय म्हणालात? आठवडाभरच जगतं? दरसाल दुसरंच असतं?

ते मी विचारलं न्हवतं. गवत विचारलं, तुमी सांगितलंत, झालं.

ती कुदळ सरकवा इकडं. मदत नको. मारवेलाचा ठोंब मुळासकट निघाया पायजे, न्हाईतर धरत न्हाई. — उभं काय राहिलात? बघताय काय माझ्या तोंडाकडं?

जावा म्हणतो ना.