चौथं नाव

कोल्हापूर स्टँडवर हुपरीच्या गाडीच्या रांगेत माझ्या पुढं दोघं उभे होते. एक चांदीकाम करणारे अण्णा आणि त्यांची भूगर्भशास्त्रात संशोधन करणारी मुलगी.

“आदिती, तुझा लेख छापला त्या मासिकाचं कसं चाललंय?”

“जर्नल म्हणतात त्याला, अण्णा. जोरात चाललंय. हल्ली दरडींवरचे लेख लई छापतात.”

“मग तोंड का पाडलंयस? तुझा दरडीवरचाच हाय की.”

“दुसऱ्यांनी त्यांच्या लेखात आपलं नाव घेतलं, तरच आपला लेख चालला म्हणायचं.”

“घेतलं का कुणी?”

“चार ठिकाणी आलंय.”

“मग झालं की! कुणी कुणी?”

“दोन माझेच पुढचे लेख. एक आमच्या सरांचा.”

“ही तर घरचीच गिऱ्हाइकं. चौथं?”

“चौथा जपानचा. उपग्रहाचे फोटो बघून म्हणतो, शाहूवाडीच्या डोंगराची भेग मी लिहिलीय त्यापेक्षा वरच्या अंगाला जास्त रुंद आहे.”

“खरं हाय?”

“वर काटेरी जाळी होती. तिथं मोजलंच नाही. सर म्हणाले, गप बस, चूक काढली तरी नाव मोजलं जातंय.”

“पैंजण टोचतंय म्हणून परत आणती न्हवं, तीच बाई ते घालून चाललेली असती. बाकीच्या नुसत्या हातात घेऊन छान म्हणत्यात.”

“मग मी काय करू?”

“त्या भेगंच्या खाली घरं हायती?”

“आहेत.”

“मग हुपरीच्या रांगेत कशाला थांबलीयस? शाहूवाडीची गाडी पलीकडं लागलीय.”