फिरली चाकं, म्हणा आता

जुन्या टेपवरचे आवाज मोबाइलमध्ये भरून देणाऱ्या त्या दुकानात बाई घाईघाईत आल्या होत्या, आणि त्यांच्या पुढचे आजोबा काउंटरवरून हलायला तयार नव्हते.

"खरखर पार घालवली, आजोबा. गाणं कसं स्टुडिओत गायल्यासारखं झालंय!"

"झालंय खरं. पण सुरुवातीचं कुठे गेलं?"

"सुरुवातीला काही नव्हतंच हो. खट्कन बटण दाबलेलं, नि कुणीतरी म्हणतंय, 'फिरली चाकं, म्हणा आता.' ते कापून टाकलं."

"ती आमची ही."

"अरेच्चा! मग आजींची गाणी दुसऱ्या टेपवर असतील ना?"

"छे, ती कसली गातेय! मी गायचो, ती बटण दाबायची. आधी ते स्पूलचं धूड, मग कॅसेटचं मशीन. मला कधी हात म्हणून लावू दिला नाही."

"थांबा, मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. लगेच जोडतो."

"पण या बाई खोळंबल्यात."

"होऊ दे हो सावकाश," बाई म्हणाल्या.

"मग असं कर बाळा, सगळ्या टेपांवरचं तिचं तेवढं घे. गाणी राहिली तरी चालतील. माझा आवाज काय, मी रोजच ऐकतो."