दोन इंची नळ्या

नाही दादा, ठेवा ते खाली — खाली ठेवा, जड आहे, पायावर पडेल. दोन इंची हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर काढणाऱ्या या नळ्या, तुमच्यासाठी नाहीच. ते भिंतीवर टांगतो ते नुसतं रिकामटेकडी पोरं आत ओढायला. आणि तुम्ही काय करता? पिकअपमागे गवत कापायच्या मशीनचा ट्रेलर ओढता, अर्ध्या पोमोना गावाच्या बागा सफाचट करता — हो ना? मग! जोरात बोलतेय, रागवू नका, आत मामाचं ग्राइंडर चाललंय. ते सुरू असलं की मामाला देवानं हाक मारली तरी ऐकू जात नाही.

हे बघा, सोपंय. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबता ना? कशाला दाबता? पाणी लांब जावं म्हणून. धुराचंही तेच. इंजिनातनं निघालेल्या धुराला नळी बेताची मिळाली की तो सुसाट सुटतो, आणि जाता जाता मागच्यालाही ओढून नेतो. नळी ढगळ दिलीत की तोच धूर रमतगमत चालतो, इंजिनाचा कमी फेऱ्यांवरचा जोर गेला खड्ड्यात. मिनिटाला सहा हजार फेरे मारलेत तर दोन इंची मस्त, रेसच्या पट्ट्यावर राणी! पण तुम्ही सहा हजारावर कधी जाता? बायको मागे लागल्यावर? सिग्नल, चढ, दुसरा सिग्नल — तुमचं आयुष्य अडीच हजारात चाललंय. माझंही. सगळ्यांचं. तुमच्या साडेतीनशे घनइंची इंजिनाला एक इंच पाच सूत. संपला विषय.

काय? ‘आवाज’? आवाजावर जाऊ नका हो — आवाजावर मी गेले होते. तो गल्लीतला ओस्वाल्दो, दात विचकत फिरतो तो, म्हणाला होता, नेरेइदा, दोन इंची टाक, छाती हादरते ऐकून. आणि मी गाढव! मामाची सहासष्ट सालची नोव्हा गाडी, आकाशी रंगाची, ग्रिसेल्दाच्या लग्नासाठी तयार करत होतो — ग्रिसेल्दा म्हणजे मामाची मुलगी, चर्चपर्यंत बापानंच तिला याच गाडीतून घेऊन जायचं असं ती सहा वर्षांची असल्यापासून ठरलेलं. मामा म्हणाला, आहेत त्या एक इंच पाच सूतच राहू देत. मी म्हटलं, हो मामा. आणि दोन इंची बसवल्या. दिसलं कसं नाही? पट्टी गुंडाळली ना वरनं! ती उष्णतेची पांढरी पट्टी, मोडक्या पायाच्या प्लास्टरसारखी — तिच्याखाली हत्तीचा पाय आहे की बकरीचा, कुणाला कळतंय?

तर लग्नाचा दिवस. बाजेवाले तयार, अख्खी गल्ली नटलेली, आणि चर्चच्या चढावर गाडी — खॉक. बंद. परत सुरू केली, दोन फूट पुढे, खॉक. मागे सोळा गाड्या हॉर्न वाजवतायत, लोकांना वाटलं आनंदानं वाजवतायत! शेवटी ग्रिसेल्दा उतरली, चपला हातात, झगा गुडघ्यापर्यंत वर, अर्धा चढ चालत. तिच्या सासूनं त्याचा फोटो दिवाणखान्यात लावलाय, ती बाई तसलीच आहे.

आणि मामानं धरलं कुणाला? अबुंदिओ काकाला. गुरुवारी त्यानंच कार्बोरेटर लावून दिला होता, लग्नाची भेट म्हणून, जुन्या नळ्यांच्या हिशोबानं, सुईच्या टोकासारखा अचूक. शुक्रवारी मी नळ्या बदलल्या, मग त्याचं माप कसं जुळणार? पण मामा भर मांडवात ओरडला, ‘तुला मिक्सरसुद्धा लावता येत नाही, अबुंदिओ!’ तीस वर्षांची दोस्ती हो. काका नुसता हॅट घालून निघून गेला. आणि मी? मी तिथे उभी होते. हातात मक्याच्या तामालेंची ताटली. खात होते.

दोन वर्षं झाली. रविवारी ग्रिसेल्दाच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे, तिला बाळाला हातात धरायला धर्मपिता हवाय अबुंदिओ काकाच, दुसरा कुणी नको. मामा म्हणतो, त्या माणसानं माझ्या नातवाला हात लावायचा नाही. घरात जेवण बंद, बोलणं बंद. ती रडते, मामी रडते, मी त्यांना रुमाल देते. सांगायचं आहे हो, सांगणारच आहे — बाप्तिस्मा झाल्यावर. म्हणजे… नाही, बरोबर आहे तुमचं, नंतर सांगून काय उपयोग. पण मामाला तोंडावर सांगायचं म्हणजे — तुम्ही मामाचे हात बघितलेत का? नुसत्या हातानं नट सोडवतो तो. त्यापेक्षा तुमच्यासारख्या अनोळखी माणसाला सांगितलेलं बरं, ग्राइंडरच्या आवाजात —

काय बघताय मागे?

ग्राइंडर कधी बंद झालं?

मामा. नाही मामा, मी यांना फक्त नळीचं माप… हो. ऐकलंस ना, हो, दोन इंची. तू आधी ग्राइंडरचा चष्मा काढ तो, तुझे डोळे दिसत नाहीयेत. फोन कशाला? मामा, हा फोन मला कशाला देतोयस? रिंग जातेय की. कुणाला लाव —

हॅलो? अबुंदिओ काका… मी नेरेइदा बोलतेय.

दादा, तुम्ही जा आता. एक इंच पाच सूत. जा.