पिवळं स्टिकर लावलेलं दार

—नाही हो, सायो इथे नाही आली, सांगितलं ना एकदा. शाळा सुटली की गल्लीतून पोरांचा लोंढा जातो, सगळ्यांच्या पाठीवर तसलंच दप्तर, दप्तराला तसलाच दोरी ओढली की किंचाळणारा बजर लटकवलेला – मी बटाट्याचे, मटणाचे कोरोक्के तळू की तुमची पोरगी शोधू? अहो सेगावासान, काउंटरच्या पलीकडेच थांबा जरा, कढईत तेल उकळतंय. बटाट्याचा देऊ एक? नको. बरं. दुपारीच पिऊन आलायत, पोटात काही असलेलं बरं, म्हणून म्हटलं. घड्याळाकडे काय बघताय, ते बंद आहे.

दारावरचं पिवळं स्टिकर? ते शाळेनं लावलंय. भीती वाटली की पोरानं या दारात शिरायचं, आम्ही काही विचारायचं नाही, आत घ्यायचं आणि पोलिसांना फोन करायचा. दर वर्षी तालीम होते. तुम्ही कधी आला नाहीत बघायला. आपला मासेवाला इवाओ गुंड होतो – काळी टोपी, पुठ्ठ्याचा सुरा – आणि पोरं खिदळत, बोंबलत इकडे पळत सुटतात. तुमची सायो तेवढी ओरडत नाही. यंदा इवाओनं हात उगारला तशी ती जागच्या जागी खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर, डोळे गच्च मिटून, आणि म्हणाली, "चुकलं, परत नाही करणार." इवाओच्या हातातला पुठ्ठा गळून पडला हो. ती नवी पोलीसबाई आपली म्हणतेय, मोठ्यानं ओरड बाळ, अजून मोठ्यानं. मला रडू आवरेना.

आमचंच चुकलं म्हणा. साऱ्या गावाचं. अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, त्याच्या गाडीत बसू नका, ओरडा, पळा, मोठ्यांना सांगा – अनोळखी, अनोळखी, घोकून घेतलं पोरांकडून. आणि तालमीच्या शेवटी काय करायचो? आईबाप येणार, नाव सांगणार, आम्ही कमरेत वाकून पोर त्यांच्या हवाली करणार. बाप आला म्हणजे संकट टळलं! वहीपेन्सिलवाल्या कुनिएदाआजोबांनी तेच केलं ना हिवाळ्यात. बर्फातून अनवाणी आली ती त्यांच्याकडे. तुम्ही आलात, नाव सांगितलंत, म्हातारा वाकला, उलट त्यानंच तुमची माफी मागितली – तुम्हाला तसदी झाली म्हणून – आणि दिली पोर. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तुम्ही तिला भिंतीवर आपटलंत. गळ्याखालचं हाड मोडलं. दवाखान्यात सांगितलंत सायकलवरून पडली. म्हाताऱ्यानं सगळं खिडकीतून बघितलं होतं. पोलिसांना सांगितलं त्यानं, पण पोरगीच म्हणाली सायकल, मग कोण ऐकतंय. त्या दिवशी त्यानं आपल्या दारावरचं तसलंच स्टिकर नखांनी खरवडून काढलं आणि दुकानाला कडी घातली, ती अजून काढली नाही. म्हणून तर आज ती त्याच्या बंद दारावरून सरळ माझ्याकडे –

हं.

घसरली जीभ. असू दे, आता लपवून काय करायचंय. आली आहे ती. वर आहे. ओठ फाटलाय, कानातून रक्त वाहतंय, आणि तसल्या अवस्थेत पोरीनं दारात बूट काढून जोडीनं नीट लावून ठेवले. फोन केलाय मी. ठाण्यावरून यायला त्यांना वेळ लागतो, नाहीतर तुमच्याशी एवढी बडबड मी कशाला करत बसले असते?

फोडलीस काउंटरची काच? फोड. पण हात मागे घे. काउंटरची फळी उचलून आत येऊ नकोस. मागे घे म्हणते ना मी –

भाजलं? भाजणारच. पळीभर उकळतं तेल आहे ते. मनगटावर टाकलं, तोंडावर टाकायची इच्छा होती. ओरड खुशाल. माझा नवराही असाच ओरडला होता, इथेच, याच कढईपाशी. माझे केस धरून तोंड तेलात घालायला निघाला होता. कढई कलंडली असं सगळ्यांना सांगितलं मी. कढई कधी आपोआप कलंडते का रे? – हे तुला कशाला सांगतेय मी. जाऊ दे. दुसरी पळी भरलीय, जिन्याकडे बघू नकोस.

हाका मारतोस? मार. येणार नाही ती. वर गेल्याबरोबर दप्तराचा बजर दाखवला तिनं मला – दोरी ओढली तरी मुका. बाबांनी बॅटरी काढून घेतली म्हणाली, आवाजानं त्यांचं डोकं दुखतं. घड्याळ का बंद आहे ते विचारलं नाहीस तू. त्यातली बॅटरी तिच्या बजरात बसली बरोबर. म्हटलं, बाळ, तुला ओरडायला नसेल जमत तर नको ओरडू. जिन्यावर बाबांचं पाऊल वाजलं की फक्त दोरी ओढ.

पण ती पाऊल वाजायची वाट बघत बसेल का, ते काही मला –

ऐक.

ओढली. ओढली गं माझ्या बाईनं.

आता दुखू दे तुझं डोकं. या आवाजाला या गल्लीत कुणी घरात बसत नाही. मागे बघ, इवाओ आलाय, आणि आज त्याच्या हातात पुठ्ठा नाही. त्याच्या मागून ती काठी टेकत येतेय ना, ती दुकानाची कडी काढून आलेली कुनिएदाआजोबांची स्वारी आहे. इवाओ, थांब, अजून मारू नकोस. आणि तू – खाली बस. जागच्या जागी. दोन्ही हात डोक्यावर घे.