वृंदाताई, नुसतं छान म्हणू नका

मंडळी, कोणी बिशानहून, कोणी सिंगापूरच्या पार पलीकडच्या टोकाहून तुम्ही आमच्या या पुंगोलच्या इमारतीखाली जमलात. बसा. मागच्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. मला भाषण येत नाही. त्यातून मीनल समोर बसलीय, तिच्याकडे पाहिलं की बोलणं व्हायचं नाही. म्हणून मी त्या पंख्याकडे बघून बोलते. चालवून घ्या.

मी वृंदा, सुहास-मीनलच्या खालच्या मजल्यावरची. सुहास ऑफिसात सॉफ्टवेअर करायचा आणि घरी बिअर. विकत आणायचा नाही हो, करायचा! आधी पिंप पाहुण्यांच्या बाथरूममध्ये होतं. इथल्या उकाड्यात बिअर बिघडते म्हणून ते बेडरूममध्ये गेलं, एसीत. आणि नवरा-बायको हॉलमध्ये, पंख्याखाली. मीनल, खरं की नाही?

नवी बिअर झाली की तो आपल्याला बोलवायचा. आपण कोण? वाढदिवसाला अर्धा ग्लास घेणारी माणसं. तो विचारायचा, माल्ट कसं वाटलं, कडूपणा जास्त झाला का. आपण काय म्हणायचो? छान. सगळेच म्हणायचो, छान. दुसऱ्याच्या घरी वेगळं काही म्हणतात का आपल्यात? मीठ विसरलेल्या आमटीलाही आपण छान म्हणतो. वर त्याचा आग्रह. ग्लास रिकामा दिसला की भरलाच. म्हणून आपण तळाशी बोटभर ठेवायचो. आणि हा बिचारा सगळे गेल्यावर ते ग्लास बघत बसायचा. आवडली म्हणतात, मग टाकतात का?

हसा, हसा. त्यालाही हसू यायचं.

मग तो आजारी पडला. औषधांनी त्याची चव गेली. पाणी, वरण, बिअर, सगळं सारखंच लागायचं. तरी पठ्ठ्याने पिंप भरलं. मला म्हणाला, "वृंदाताई, एकदा तरी खरंच चांगली बिअर करायचीय. माझी जीभ गेली, आता तुमचीच. नुसतं छान म्हणू नका."

आता सांगा, धडधाकट माणसाला खरं न सांगणारे आपण, आजाऱ्याला सांगणार? त्या रविवारी सगळ्यांनी घोट घेतला आणि नेहमीपेक्षा मोठ्याने छान म्हटलं. हा त्याच्या ऑफिसातला मंगेश, हा तर दोनदा म्हणाला. मला रागच आला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, "सुहास, ही ओतून टाक. न वाळलेल्या टॉवेलचा वास येतोय."

मीनलने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, संपलं, आता या घरात आपलं येणं-जाणं बंद. आणि सुहास? त्याचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसला. कुठला टॉवेल म्हणे, पातळ पंचा की जाडजूड? वास आधी येतो की गिळल्यावर? मग मंगेशला कंठ फुटला, शेवटी जळकी पोळी लागते म्हणाला. कोणाला शिळं ताक आठवलं. नावं ठेवण्यात आपण ऐकतोय होय! सगळी बिअर त्या दिवशी मोरीत गेली, आणि इतका खूश झालेला सुहास मी कधी पाहिला नव्हता.

पुढची त्याने आपल्या सगळ्यांच्या जिभेवर केली. ताक गेलं, पोळी गेली, टॉवेल गेला. बाटलीत भरल्यावर तिला मुरायला ठेवावं लागतं. तेवढे दिवस तो नेटाने थांबला.

गेल्या महिन्यात ती उघडली. त्याला उठवत नव्हतं, मीनलने ओतली. आग्रह करायला त्याच्यात ताकद कुठे होती? आपण प्यायलो. छान कोणीच म्हटलं नाही. कोणी काही बोललंच नाही. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मग मंगेशने रिकामा ग्लास पुढे केला. म्हणाला, "अजून आहे का?"

मागून घेतात का हो आपल्यात? त्याच्यामागे माझा ग्लास गेला, मग सगळ्यांचे. सुहास डोळे मिटून हसत होता. "बास, वृंदाताई," म्हणाला, "कळलं मला."

चला, उभे राहू या. मिनिटभर कोणी काही बोलू नका. त्या दिवशीही आपण गप्पच होतो, आणि त्याला सगळं कळलं होतं.