खालची मोटर, वरची टाकी

(तळमजल्याच्या दारात थोरली जाऊ, जिन्याच्या पायरीवर धाकटी. दोघींच्या मध्ये घर विकून देणारा एजंट.)

एजंट : म्हणजे धाकट्या काकू, तुमचा नकार पक्का समजायचा का मी?

धाकटी : त्यांना विचारा, घर विकायला काढताना वरच्या मजल्यावर कोणी राहतं हे आठवलं होतं का.

एजंट : अहो, त्या इथेच उभ्या आहेत की.

थोरली : तिला सांगा, मी काही ठरवलेलं नाही. माझ्या मुलाने ठरवलं. मला फोनवर कळलं.

एजंट : ऐकलंत ना? माझा अगदी पोस्टमन करून टाकलाय तुम्ही दोघींनी.

धाकटी : मग नुसता खालचा मजला विका म्हणावं.

एजंट : तो कोण घेईल? मोठ्या भरतीला मोरीतून पाणी वर येतं, भिंतींना मीठ फुटलंय. पार्टीला हवी तुमची समुद्राकडची गच्ची. आणि जिना बघा, खालच्या स्वयंपाकघरातून. तुमच्या दोघींच्या यजमानांनी घर बांधताना पुढचा विचारच केला नाही.

थोरली : केला होता. सगळे एकत्र राहणार, असा केला होता.

एजंट : बरं, धाकट्या काकू, तुमच्या हिश्शात गावाबाहेर एखादी खोली नक्की येईल.

धाकटी : या वयात अनोळखी गल्लीत एकटी राहू? दार उघडलं नाही तर कोणाच्या लक्षात येणार?

एजंट : मग मला एक सांगा, रागावू नका. तुमचं बिनसलं कशावरून? दोघांत वाद आहे म्हटलं की पार्टी बिचकते.

धाकटी : वाद कसला. त्यांना विचारा, त्या दिवशी मोटर का लावली.

एजंट : कसली मोटर?

थोरली : पाण्याची. मोटर खाली, टाकी वर. वरचं पाणी संपलं की ही पाइपावर पळी आपटते आणि मी बटण दाबते. लग्न होऊन आली तेव्हापासून तसंच चालतं. समुद्राच्या आवाजात हाक कुठे ऐकू येते.

धाकटी : आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. माझा हात सोडेनात. माझ्या दुसऱ्या हाताला पळी लागली, तीच मी पाइपावर आपटत सुटले. म्हटलं, जाऊबाई धावत वर येतील.

थोरली : मला वाटलं, पाणी हवंय.

धाकटी : टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायला लागलं. हे गेले, तरी मी आपटतेच आहे आणि मोटर चालूच आहे.

थोरली : मी खालून वैतागून म्हणालेसुद्धा, लावलीय ना, आता काय जीव घेतेस.

एजंट : अरे देवा. मग आता पाणी कसं भरता?

थोरली : तसंच. फक्त आता पाइप वाजला की बटण दाबून मी जिन्याशी जाऊन उभी राहते. वर हिच्या भांड्यांचा आवाज झाला की परत फिरते.

धाकटी : जिन्याशी येता तुम्ही?

थोरली : रोज येते.

धाकटी : मला कधी कळलं नाही.

एजंट : मी जरा बाहेर थांबू का?

थोरली : नको, थांबा इथेच.

धाकटी : मुलाकडे तुम्हाला खोली आहे का?

थोरली : हॉलमधला सोफा आहे. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की तो माझा. सामान एका पेटीत मावेल एवढंच आण म्हणाला.

धाकटी : आणि तुम्ही हो म्हणालात.

थोरली : नाही म्हणायला त्याने विचारलं कुठे? तुझ्यासाठी बोलून बघू का त्याच्याशी?

धाकटी : तुमचंच जिथे ऐकत नाही, तिथे माझं काय चालणार.

थोरली : मग सही करू नकोस. तू अडून बसलीस की त्याला काही करता येणार नाही.

धाकटी : तुम्हाला तर नेईलच ना तो? घर विकलं नाही तरी?

थोरली : हो. नेणारच आहे. त्याचं म्हणणं, या ओलीत मी टिकणार नाही. खरंही आहे ते, रात्रभर खोकत असते.

धाकटी : माहीत आहे. ऐकू येतं मला.

थोरली : आता काय करायचं गं?

धाकटी : खाली तुम्ही नसलात तर मी वर राहून काय करू? एजंटसाहेब, सही कुठे करायची ते दाखवा.

एजंट : आज राहू दे काकू, एवढी काही घाई नाही. पण तुम्ही जाणार कुठे?

धाकटी : तुमच्या पार्टीने विचारलंय का ते?

एजंट : नाही.

धाकटी : मग तुम्ही तरी कशाला विचारता.