दुकत न्हाई, त्याचंच भ्याव

माजं माहेर वडूजकडचं, जिराईत मुलूख, आन् दिलं उंब्रजला, तितं धनी गेल्यावर म्या पापड-लोणची करून दोन पोरी वाढवल्या. पीठ मळलं की जिभेवर ठिवून मीठ बगायचं, दिसभर त्येच. डोकं जड व्हायचं, मी म्हणायची उनाचं आसंल.

थोरला भाऊ माजा, दादा, फौजेत होता, गडी कसा, दारातनं वाकून यायचा. पेन्शनीत आल्यावर बीपी निघाला, गोळ्या दिल्या. वैनी म्हणायची आवं घ्या की, तर ह्यो म्हणायचा मला काय दुकतंय का. आन् खरंच दुकत नव्हतं बगा, त्येच तर वंगाळ. काय सांगू तुम्हाला, एक दिस पाय सुजलं, त्वांड सुजलं, जेवान जाईना, कराडला नेला तवा डाक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताच्या दाबानं किडनीच्या बारीक शिरा खराब केल्यात, आन् किडनी बिगाडली की दाब आणकी चढतोय. आता एक दिवसाआड मशीननं रक्त धुवावं लागंल.

मी जायची संगती. दादाचं रक्त नळीतनं फिरताना दिसायचं, आन् सरहद्दीवर ऱ्हायलेला माणूस माजा हात धरून म्हणायचा, सुमे, जाऊ नगं गं.

तितली नर्स एकदा सहज म्हणाली, मावशी, तुमचा दाब पन बगू, पट्टा बांधला, परत बांधला, आन् डाक्टरीणबाईंना बलवून आणलं. रक्त-लघवी तपासली तर माज्या पन किडनीला लागाय लागलेलं. मी इचारलं, बाई, मी पन ह्या खाटंवर येनार व्हय? त्या म्हणाल्या, येळंत कळलंय, दाब ताब्यात ठिवला तर लय वरसं पुडं ढकलता यील, पर येनारच न्हाई आसं वचन न्हाई देत मी.

दादा श्रावणात गेला.

आता गोळी चुकवत न्हाई, मीठ तोडलंय, पीठ धाकटी चाखती. सकाळी उठलं की आदी नडगीवर आंगठा दाबून बगती, सुजंचा खड्डा पडतोय का. आजून न्हाई पडला. परवा डाक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, किडनीचा आकडा हाय तितंच हाय, वाढला न्हाई, तर मी तितंच बाकड्यावर बसून रडले, पोरीला वाटलं वाईटच निगालं. चांगलं ऐकलं तरी भ्याव जात न्हाई बगा. पुडची तपासणी दिवाळीनंतर, तंवर देव ठिवील तशी.

तुमाला उदंड आयुष्य लाभू दे, पर नुसत्या आशीर्वादावर ऱ्हाऊ नगा, बाबा. दाब मोजून घ्या.